खालाचा डावा पाय

पोरी जैतुनबीला खाला म्हणजे मावशी म्हणायच्या, पण तिच्या नाचाच्या शिकवणीत शाबासकी नावाचा प्रकारच नव्हता. पोरीचे पाय मनासारखे पडले, की ती हातातली काठी बाजूला ठेवून म्हणायची, "उद्या ये." आणि चुकले, की म्हणायची, "घरी जा." बस्स. "घरी जा" ऐकलेली पोर दुसऱ्या दिवशी आलीच, तर तिने उंबऱ्याबाहेर बसून राहायचं, खाला आत बोलवेपर्यंत. मग ऊन असो नाही तर गल्लीतली कुत्री असोत! सिंधूने सहा वर्षांत "उद्या ये" किती वेळा ऐकलं असेल? फार नाही. म्हणून तर तिला त्यातलं एकेक आठवत होतं.

ती सिंधू आता सिंधुबाई झाली होती. एकतीस वर्षांची, मुंबईच्या नाटक कंपनीत नाचणारी, नाव झालेली. सदतीस सालच्या थंडीत कंपनी नाशकात आली, तेव्हा पंचवटीपासून भद्रकालीपर्यंत भिंतीभिंतीवर तिच्या जाहिराती चिकटल्या होत्या. रविवारी दुपारी चारचा खेळ, आणि खेळाआधी गावातल्या रसिक मंडळींकडून सिंधुबाईंना शाल आणि नारळ. आपल्या गावची पोर म्हणे! हीच पोर आपल्या आईच्या, धोंडाबाई फुलवालीच्या मागे परकर सावरत हिंडायची, आणि धोंडाबाईने तिला नाच शिकायला पाठवलं, तेव्हा याच मंडळींच्या घरातल्या बायकांनी नाकं मुरडली होती. पण ते जाऊ द्या. शाल उबदार होती म्हणतात.

सिंधूने मात्र कंपनीचे मॅनेजर यादवराव यांना आधीच बजावून ठेवलं होतं, "शाल माझ्या खांद्यावर पडणार नाही. जैतुनबीच्या पडेल. स्टेजवर एक खुर्ची ठेवा, चांगली, हातांची."

"अहो बाई, पण जाहिरातीत तर आपण लखनौच्या उस्तादांच्या पट्टशिष्या असं छापलंय," यादवराव कळवळून म्हणाले.

"छापलंय तुम्ही. शिकलेय मी."

असं ठणकावून तर आली, पण रविवारी सकाळी चौक मंडईमागे जैतुनबीच्या गल्लीत टांग्यातून उतरल्यावर ती पदर सारखा करत तिथेच रेंगाळली. नऊ वर्षांत ती इथे एकदाही फिरकली नव्हती. ईदेला साडी पाठवायची, बांगड्या पाठवायची, सगळं इनायतच्या पत्त्यावर. इनायत म्हणजे जैतुनबीचा भाचा, टांगेवाला. पण स्वतः यायचं म्हटलं, की दरवेळी काहीतरी कारण निघायचं. कारण काही नव्हतंच. लाज होती. आणि ती कशाची, हे सिंधूखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. जैतुनबी तरुणपणी एका फडात नाचायची. निफाडच्या बाजारात तिच्या डाव्या घोट्यावरून बैलगाडीचं चाक गेलं, आणि नाच सुटला. मग तिने चौक मंडईमागे एक खोली घेतली आणि चार पोरी शिकवायला घेतल्या. हातात काठी. चालायलाही तीच, आणि लाकडी फळीवर आपटून ताल धरायलाही तीच. अडलं, की ती काठी टाकून स्वतः उभी राहायची आणि करून दाखवायची. खाला अशी उठली, की खोलीतला वाराही पडायचा! उजवा पाय ठणकन पडायचा. डावा मात्र केसभर मागून यायचा, जरा फरफटत, आणि मग त्या पायातले चाळ एकदम वाजायचे. पोरींनी तेच उचललं. सगळ्यांनी. चालताना खाला लंगडते, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण नाचतानाही ती लंगडतेच, हे त्यांतल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. खाला करते तो नाच, आणि आपण तो शिकायचा, एवढंच त्यांना माहीत.

आणि गंमत बघा, सोळाव्या वर्षी सिंधू दिंडोरीच्या जत्रेत पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिली, आणि लोकांनी त्याच डाव्या पायाला डोक्यावर घेतलं. "डावा, डावा!" असं ओरडून पुन्हा पुन्हा नाचायला लावलं. पुढची पाच-सहा वर्षं त्या उशिरा येणाऱ्या पायाने तिला खायला घातलं, आईचं आजारपण काढलं, आणि शेवटी मुंबईच्या कंपनीत नेऊन बसवलं.

तिथे होते ते लखनवी उस्ताद. पहिल्याच दिवशी सगळ्या कंपनीसमोर त्यांनी विचारलं, "ही लंगडी चाल कुणाकडून शिकलीस? गुरू लंगडा होता की काय?" सगळे खो खो हसले. आणि सिंधूही हसली.

नाव सांगितलं नाही. रागावली नाही. नुसती हसली, त्यांच्यात आपण वेगळं पडायला नको म्हणून. पुढे आठ महिने उस्तादांनी तो पाय घासून घासून सरळ केला. सिंधूनेही मुकाट्याने करून घेतला. पाय सरळ झाला खरा, पण ते हसू तिला आतून कुरतडत राहिलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. आवाज तोच, खणखणीत.

"मी सिंधू, खाला."

"कोण सिंधू? कंपनीची राणी? उंबऱ्यात काय उभी राहिलीस, घरी जा म्हटलंय का मी तुला?"

सिंधू आत गेली आणि तिने खालाच्या पायांवर डोकं ठेवलं. जैतुनबी खाटेवर बसून घुंगरू ओवत होती. एक घुंगरू, मग एक गाठ, पुन्हा एक घुंगरू. गावातले सगळे चाळ अजून तिच्याच हातचे. डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा फटक दिसत होता, पण बोटं सराईत चालली होती. तिने सिंधूचा दंड चाचपला, मग गाल, मग पुन्हा दंड.

"जाड झालीस."

"झाले," सिंधू म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"रडायला काय झालं? मी मेले नाही अजून. अरे इनायत, चहा टाक! दूध जास्त घाल, मुंबईची माणसं आली आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हा मी घाटापर्यंत आले होते, ठाऊक आहे? लांब उभी होते. तू परगावी होतीस."

सिंधूला ठाऊक नव्हतं. तिने खालाचा हात घट्ट धरला.

चहा झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. आणि सिंधूला ज्याची धास्ती होती तेच झालं. जैतुनबीने कोपऱ्यातली काठी घेतली, पायाने फळी पुढे ओढली आणि म्हणाली, "बांध चाळ. दिसत नाही मला, पण ऐकू येतं."

सिंधूने चाळ बांधले. काठी पडली, ठक, ठक, आणि ती नाचू लागली. वाटलं होतं, या खोलीत, या काठीवर पाय आपोआप जुन्या वाटेने जाईल. कसला जातोय! उजवा पडला, डावा पडला, दोन्ही ठणठणीत, वेळेवर, लखनौला शोभतील असे. पाचच मिनिटं झाली असतील, आणि काठी थांबली.

जैतुनबीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सुधारला गं पाय," ती शेवटी म्हणाली.

"उद्या ये" नाही. "घरी जा" नाही. सिंधूला एक वेळ काठीचा फटका परवडला असता.

"खाला, आज चारच्या खेळाला तुम्ही यायचं. तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, स्टेजवर. शाल तुम्हाला द्यायची आहे."

"मी नाही येणार."

"का?"

"नाही म्हटलं ना."

मग सिंधूला राहवेना. खाली बसून तिने सगळं सांगून टाकलं. उस्तादांचा प्रश्न, कंपनीचं हसणं, आणि आपलंही. "मी तुमचं नाव घेतलं नाही, खाला. तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. मला बोला, मारा, पण या."

जैतुनबीने काठी आडवी मांडीवर घेतली.

"वेडी आहेस तू," ती म्हणाली. "मी कशाला रागावू? तू दिंडोरीला नाचून आलीस ना, त्या रात्री इनायत उड्या मारत आला. म्हणाला, मावशी, सिंधूच्या डाव्या पायावर लोक फिदा झाले, असा पाय मागून येतो! आणि मी इथेच, या खाटेवर, डोकं धरून बसले. या अल्ला, मी माझं लंगडेपण पोरींच्या पायात घातलं! चार पोरी, चारही लंगड्या. त्या दिवसापासून रोज दुआ मागत होते, की कुणीतरी जाणता भेटू दे आणि माझ्या सिंधूचा पाय सरळ करू दे. भेटला. आज कानांनी ऐकलं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, पोरी."

"पण तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत, की डावा तुमच्यासारखा टाकू नका."

जैतुनबीने मांडीवरच्या काठीवरून बोटं फिरवली. "मला तरी कुठे ठाऊक होतं? चालताना लंगडते, ते ठाऊक होतं. पण मला वाटायचं, नाचताना तरी मी सरळ असते."

इनायत दारात कप घेऊन उभा होता, तो तसाच मागे फिरला.

"म्हणून येत नाही," जैतुनबी म्हणाली. "मी खुर्चीपर्यंत चालत गेले, की लोक बघतील आणि म्हणतील, अच्छा, ही होय हिची गुरू! पुन्हा हसतील तुला. जा आता, खेळाची तयारी कर."

सिंधू उठली. डोळे पुसले. आणि मग तिला असा राग आला म्हणता! कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. "खुर्ची तर मी ठेवणार," ती म्हणाली. "तुम्ही आला नाहीत तर रिकामी राहील. पण शाल तिच्यावरच पडेल." आणि ताडताड बाहेर आली. गल्लीच्या तोंडाशी इनायतला गाठून म्हणाली, "साडेतीनला टांगा जोडायचा. नाही आल्या तर उचलून आणायचं."

"उचलून?" इनायत म्हणाला. "ताई, मला काय काठी खायची हौस आहे?"

चार वाजले. थेटर गच्च भरलं होतं, स्टेजपुढच्या पिटात माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. स्टेजच्या पुढच्या कडेला हातांची खुर्ची, आणि ती रिकामी. रसिक मंडळींचे पुढारी शाल घेऊन ताटकळले होते. यादवराव घाम पुसत म्हणाले, "बाई, आता तुम्हीच घ्या ती शाल आणि मोकळं करा सगळ्यांना. लोक शिट्ट्या मारायला लागलेत."

सिंधू पुढे झाली. हात जोडले. मग तिने उजव्या कानाच्या पाळीला हात लावला, आपल्याकडे गुरूचं नाव घेताना लावतात तसा. थेटर शांत झालं.

"जाहिरातीत छापलंय ते अर्धंच खरं आहे," ती म्हणाली. "मला नाच शिकवला तो याच गावातल्या, चौक मंडईतल्या जैतुनबींनी. त्यांच्या डाव्या घोट्यावरून गाडीचं चाक गेलं होतं. त्या नाचायच्या तेव्हा त्यांचा डावा पाय मागून यायचा, म्हणून माझाही यायचा. त्या पायाने मला नाव दिलं, पोट दिलं. आणि मुंबईला लोक त्याच्यावर हसले, तेव्हा मी पण हसले. त्याची मला लाज वाटते. आज मी माझ्या खालाच्या पायाने नाचणार आहे."

ढोलकीवर रावजी होता, कंपनीतला जुना माणूस. त्याने थाप दिली, आणि सिंधू नाचू लागली.

आणि फजिती झाली हो. पाय येईना! आठ महिने घासून सरळ केलेला पाय, तो असा हुकमावर थोडाच वाकडा होणार? ती मुद्दाम मागे ओढायला गेली, तर तो जास्तच मागे राहिला. पुन्हा प्रयत्न केला, तर नुसतंच लंगडणं झालं, पोरं एखाद्या लंगड्या म्हातारीची नक्कल करतात तसं. पिटात कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मागून एक जण मोठ्याने म्हणाला, "अहो, गुरूची टिंगल करता काय?" सिंधूच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. माफी मागायला उभी राहिली होती, आणि भर थेटरात खालाची नक्कल करून दाखवत होती. तिला वाटलं, आता थांबावं आणि पळून जावं.

ठक.

विंगेतून आवाज आला. स्टेजच्या फळ्यांवर काठी पडली होती.

ठक. आणि मग केसभर थांबून, ठक.

सिंधूने मान वळवली. इनायतच्या खांद्यावर हात टाकून जैतुनबी उभी होती, बहुधा मघापासून सगळं ऐकत. पांढरी ओढणी, पांढरे डोळे, आणि चेहऱ्यावर असला संताप, की दहा वर्षांची असती तर सिंधू उंबऱ्याबाहेर जाऊन बसली असती. म्हातारी काठीने ताल धरत होती, पण सकाळचा तो सरळ ताल नव्हता. ती आपल्या स्वतःच्या पायांचा ताल धरत होती, उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा. आज पहिल्यांदा, जाणूनबुजून.

रावजी शहाणा माणूस. त्याने आपला ठेका सोडला आणि काठीच्या मागे लागला.

सिंधूने पाय ओढायचं सोडून दिलं. नुसती ऐकत राहिली. उजवा पडला. डाव्याला तिने काही सांगितलंच नाही, काठीची वाट बघू दिली. काठी पडली, आणि तिच्याबरोबर डावा आला, जरा फरफटत, उशिरा, आणि चाळ एकदम खळखळून वाजले.

पिटातला एक म्हातारा उठूनच उभा राहिला. "अरे, ही तर आमच्या दिंडोरीची पोर! डावा! डावा!" आणि मग थेटर कुणाला आवरतंय! ज्यांनी कधी दिंडोरी पाहिली नव्हती तेही "डावा, डावा" म्हणून ओरडायला लागले. सिंधू नाचली, घामाने निथळेपर्यंत नाचली, आणि काठी थांबली तेव्हाच थांबली.

मग ती जैतुनबीजवळ गेली. विंगेपासून खुर्चीपर्यंत दहा पावलं होती. "धर मला नीट," जैतुनबी पुटपुटली. "चालू दे हळूहळू. बघू देत." ती दहाही पावलं म्हातारी लंगडत चालली, मान ताठ ठेवून, आणि एकही माणूस हसला नाही. टाळ्या वाजत होत्या, त्या ती खुर्चीत बसेपर्यंत वाजतच राहिल्या.

पुढाऱ्यांनी शाल पांघरली. जैतुनबीने ती दोन बोटांत धरून चोळून पाहिली. "बरी आहे," म्हणाली. यादवरावांचा आता भलताच उत्साह वाढला होता. ते वाकून म्हणाले, "खालाजान, आपल्या शिष्येबद्दल दोन शब्द बोला."

जैतुनबीने हात पुढे केला, सिंधूचा कान शोधून काढला आणि असा पिरगळला, की सिंधू कळवळली.

"ओढत होतीस," ती हळूच म्हणाली, फक्त सिंधूला ऐकू जाईल अशी. "पाय ओढायचा नसतो. येऊ द्यायचा असतो. कच्चा आहे अजून." मग तिने काठी बाजूला ठेवली.

"उद्या ये."

सिंधू खाली बसली आणि खालाच्या मांडीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. थेटरातली माणसं बघत होती, बघेनात का!

यादवराव घोटाळले. उद्या सकाळी सातला सगळी कंपनी स्टेशनावर हजर हवी होती, परवा जळगावला खेळ होता. ते चुळबुळत जवळ आले आणि म्हणाले, "बाई, उद्याची गाडी..."

सिंधूने डोकं वर केलं. नाक पुसलं.

"तुम्ही पुढे व्हा, यादवराव," ती म्हणाली. "मला उद्या शिकवणी आहे."